मदत हवी आहे: आठवा महिना, जांघेतली चमक आणि सगळ्याला एकच शब्द 'नोवु'

नमस्कार. माहेर चंदगड, सासर खानापूर तालुक्यात, पहिलीच खेप. ३१ आठवडे झालेत. कन्नड मला बाजारहाटापुरतं येतं. दवाखान्यातल्या सिस्टर मायाळू आहेत, पण त्यांनी "एल्लि नोवु?" म्हणजे कुठे दुखतंय, असं विचारलं की मी बोटाने जागा दाखवते आणि विषय तिथेच संपतो. कळ, चमक, ठणका, मुंग्या, सगळ्याला माझ्याकडे एकच शब्द, नोवु. तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या तपासण्यांचं कार्ड, तेही कन्नडात. नवऱ्याला वाचता येतं, पण तो दिवसभर कामावर. म्हणून इथे विचारते.

मुख्य त्रास उजव्या जांघेत. खाली बसून भाकऱ्या थापल्या आणि उठायला गेले की दाभण टोचल्यासारखी चमक येते. परवा भिंतीला धरून उठताना अशी आली की अर्धवट वाकून तशीच उभी राहिले, तव्यावरची भाकरी करपली. दहा-पंधरा सेकंदांत जाते. शिंकले तरी येते, कूस बदलली तरी येते. बाळाला काही होत नसेल ना?

बाकी कंबर अवघडते, पहाटे पोटरीत गोळा येतो, संध्याकाळी पाय सुजून जोडवी रुततात. पोट मधेच दगडासारखं कडक होतं, पाणी पिऊन पडले की सैल पडतं. सासूबाई म्हणतात सगळा वात आहे, शेकून घे.

आणि हो, दहा दिवस झाले, रात्री तळहात-तळपाय खाजतात. पुरळ वगैरे नाही. पावसाळ्याचं चिखलपाणी, त्यानं असेल. खोबरेल लावतेय. हे आपलं सहज सांगितलं.

प्रतिसाद (बेळगाव, दोन बाळंतपणं झालेली):

जांघेतली चमक मला दोन्ही खेपांना होती. गर्भपिशवीला जांघेपर्यंत धरून ठेवणारे दोन बंध असतात. पोट वाढतं तसे ते ताणतात आणि झटकन हललं की आखडतात. बाळाला त्याचं काही नाही. पडलेली असशील तर आधी कुशीवर वळ, गुडघे जुळवून ठेव, हातांवर भार देऊन ऊठ. झोपताना गुडघ्यांत गोधडीची घडी. भाकऱ्या आता ओट्यावर, उभ्यानं. गोळा आला की पायाची बोटं आपल्याकडे ओढ. पोट कडक होणं ठरावीक अंतरानं, वाढत्या जोरानं येऊ लागलं तर मात्र घरी थांबायचं नाही. सूज तोंडावर-हातांवर आली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे काजवे चमकले, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तरी तसंच.

पण तू सहज म्हणून लिहिलंस तेच मला खटकलं. पुरळ नाही, तळहात-तळपाय, आणि रात्री जास्त. यकृतातून पित्त नीट वाहत नसलं की अशी खाज येते, गरोदरपणातच होणारा प्रकार आहे. तेलानं जायची नाही. रक्तातली पित्ताम्लं आणि एलएफटी, म्हणजे यकृताचं काम कसं चाललंय ते, तपासतात. आकडे चढलेले निघाले तर बाळावर लक्ष ठेवतात, फार चढले तर बाळंतपण थोडं आधी करतात. उद्याच जा. आणि तिथं नोवु म्हणू नकोस बाई, खाजेला तुरिके म्हणतात. अंगै म्हणजे तळहात, अंगालु म्हणजे तळवा. एवढंच म्हण: "अंगै, अंगालु तुरिके, रात्री जास्ती." जास्ती त्यांच्यातही जास्तीच.

धागाकर्तीची भर:

ताई, शब्द कागदावर लिहून नेले. सिस्टरनी ऐकल्याबरोबर पेन खाली ठेवलं, तळहात उजेडात धरून बघितला, नखांचे ओरखडे बघितले आणि थेट डॉक्टरांकडे नेलं. रक्त बेळगावला पाठवलंय, रिपोर्ट परवा येईल. तोवर हालचालींवर ध्यान ठेवायला सांगितलंय, आता हे लिहितानाही लाथा चालूच आहेत. भाकऱ्या सासूबाई थापताहेत. शेकून घे म्हणणं मात्र थांबलेलं नाही.