संवेदनशीलता की दाद? इयरफोनच्या खोक्यावरचे शब्द

प्रश्न : बाबांसाठी वायरचे इयरफोन आणले. खोक्यावर लिहिलंय, 'इंपीडन्स १६ ओहम, सेन्सिटिव्हिटी १०० डीबी, फ्रीक्वेन्सी २० ते २०,००० हर्ट्झ'. सेन्सिटिव्हिटी म्हणजे संवेदनशीलता, असं सांगितलं तर बाबा म्हणाले, "म्हणजे जपून वापरायचे का?" चपखल शब्द कोणता?

उत्तर : बाबांची शंका रास्त आहे. संवेदनशील म्हटलं की हळवं माणूस आठवतं, नाहीतर निवडणुकीतलं मतदान केंद्र. इथे मोजलेलं असतं ते एवढंच, की ठरावीक वीज दिली तर आवाज किती मोठा येतो. तो डीबीत, म्हणजे डेसिबलमध्ये मोजतात. मला 'दाद' सुचवावासा वाटतो. दुखणं औषधाला दाद देतं, तसा इयरफोन विजेला. तेवढ्याच विजेवर १०० डीबीवाला ९० डीबीवाल्याच्या साधारण दुप्पट मोठा वाटतो.

पण नुसतं '१०० डीबी' अर्धवट आहे. दाद कशाला, एका मिलिवॅटला (विजेची शक्ती) की एका व्होल्टला (विजेचा दाब)? १६ ओहमच्या इयरफोनची दाद मिलिवॅटला १०० डीबी असेल, तर व्होल्टला ११८ भरते, कारण एका व्होल्टवर तो ६२.५ मिलिवॅट घेतो. इयरफोन तोच, आकडे दोन! दोन खोकी ताडून बघताना आधी हे तपासा.

इंपीडन्सला 'संरोध' चांगला रुळलेला शब्द आहे. इयरफोनच्या आतल्या तारेच्या वेटोळ्याचा साधा रोध आणि बदलत्या प्रवाहाला होणारा जास्तीचा अडथळा, दोन्ही त्यात आले. फोनवर थेट ऐकायला १६ किंवा ३२ ओहम सोयीचे.

आणखी एक : 'दाद' छान आहे, पण नुसतं 'इयरफोनची दाद' म्हटलं तर लोकांना मैफलीतली वाहवा वाटेल. 'विजेला दाद' असं पूर्ण म्हणावं. फ्रीक्वेन्सीला शाळेच्या पुस्तकातला 'वारंवारिता' आहेच. मात्र २० ते २०,००० ही माणसाच्या कानाची मर्यादा, ती बहुतेक खोक्यांवर छापलेली असते. त्या पट्ट्यात आवाज किती समान येतो, हे 'अधिक-उणे ३ डीबी' असं काही लिहिल्याशिवाय कळत नाही. वय वाढलं की वरच्या टोकाचं आधी ऐकू येईनासं होतं, तेव्हा बाबांसाठी त्या २०,०००ला अर्थ नाही. त्यांना तबला ऐकवा. डग्ग्याची घुमक चाटीवरच्या, म्हणजे तबल्याच्या काठावरच्या, 'ना' या बोलाला गिळत असेल, तर आकडे कितीही चांगले असोत, घेऊ नका.

प्रश्नकर्ती : ऐकवला. 'ना' स्वच्छ येतो म्हणाले. खोक्याच्या तळाला बारीक अक्षरांत 'मिलिवॅट'ही सापडलं.