सातवीच्या पोरांना प्रयोगाच्या आधीच उत्तर पाठ असते, अशात काय करावं?

झेडपी_मास्तर_यवतमाळ:
नमस्कार मंडळी. जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवतो, गाव लहान, पोट्टे कास्तकारांचे नाहीतर मजुरांचे. साहित्य मी जमवतो, टेबलावर मांडतो, प्रयोगही मीच करतो आणि पोट्टे नाटक पाहिल्यासारखे पाहून राहिले. परवा बशीत पाणी घेतलं, मधे मेणबत्ती उभी केली, आता पेटवून वरून ग्लास पालथा घालणार तर काडी ओढायच्या आधीच मागून आवाज, "सर, ऑक्सिजन संपते अन् पाणी वर चढते." झालं! आता दाखवू काय? गाईडमधे छापून आहे, मोबाईलवर व्हिडिओ आहे. प्रशिक्षणात सांगतात मुलांना प्रश्न विचारू द्या, स्वतः शोधू द्या, पण प्रश्नच पडून नाही राहिले तर जबरदस्तीनं पाडायचे का? लॅब नाही, खर्च खिशातून. ज्यांनी खरंच वर्गात करून पाहिलं त्यांनीच सांगा, पीपीटीवाले नको.

वर्धेची_बाई:
सर, ते पाठ केलेलं उत्तरच मुळात बरोबर नाही, तुमचं काम तर सोपं झालं. तीच बशी, तोच ग्लास घ्या, फक्त एकाऐवजी दोन मेणबत्त्या लावा, मग तीन. लावायच्या आधी प्रत्येकाला वहीत अंदाज लिहायला लावा, पाणी तेवढंच चढेल का जास्त, आणि काऊन. ऑक्सिजन संपल्यामुळंच पाणी चढत असेल तर ग्लासात हवा तेवढीच आहे ना, मग मेणबत्त्या कितीही लावा पाणी तेवढंच चढायला पाहिजे. पण तसं होत नाही, मेणबत्त्या वाढल्या की पाणी जास्त चढते. मग बघा वर्गात काय गोंधळ होते ते, आमच्या इथं दोन पार्ट्या पडल्या होत्या अन् मधल्या सुटीत खिचडी खाता खाता भांडण चालू होतं.

दुसरं, नुसतं नीट पाहायला सांगा. पाणी मुख्य कधी चढते, मेणबत्ती जळत असताना का विझता विझता? विझायला लागली की एकदम चढते. अन् ग्लास ठेवताना कडेतून बुडबुडे निघतात, ते कोणी ना कोणी पाहतेच, बहुतेक वेळा मागच्या बाकावरचा. तापलेली हवा फुगून थोडी बाहेर पळते, ज्योत विझली की राहिलेली हवा थंड होऊन आकसते, मग बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलते. ऑक्सिजन वापरला जाते हे खरं, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड अन् वाफ तयार होते, आणि ज्योत विझते तेव्हा आतला सगळा ऑक्सिजन संपलेला नसतेच. पण हे तुम्ही सांगू नका हो! निदान त्या दिवशी तरी नाही. तोंडावर बोट ठेवून बसणं हेच सगळ्यात कठीण काम आहे, मास्तर लोकांची जीभ लय सळसळते.

वह्या_तपासून_थकलो:
मॅडम हे सगळं ठीक आहे, पण एका मेणबत्तीत दोन तासिका गेल्या तर बाकीचे धडे कोण शिकवीन? आठवीत पोरं एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेला बसतात, तिथं चार पर्याय असतात आणि त्यातला 'ऑक्सिजन' हाच बरोबर धरला असंल तर मार्क पोराचे जातात, आपले नाही. पालकही म्हणतात मास्तर शिकवत नाही, खेळवते.

अचलपूरवाला:
थकलो सर, तुमचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परीक्षा बदलल्याशिवाय शिकवणं बदलत नाही. आमच्या सातपुड्याच्या पलीकडं मध्य प्रदेशात होशंगाबादले हेच करून पाहिलं होतं, 1972 मधे 16 शाळांपासून सुरू झालं, पोरं स्वतः प्रयोग करत आणि परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची परवानगी होती, कारण प्रश्नच असे की पुस्तकात उत्तर सापडत नाही. 2002 मधे सरकारनं बंद केलं हा भाग वेगळा. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबची खेळणी करणारे अरविंद गुप्तासुद्धा त्याच कामातून पुढं आले. खर्चाचं म्हणाल तर इथंच उत्तर आहे.

मेणबत्ती नको असंल तर सावली घ्या. मैदानात एक काठी सरळ उभी गाडा, साडेअकरापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवा. सगळे छातीठोक सांगतीन की बारा वाजता सावली सगळ्यात लहान. ऑगस्टमधे यवतमाळकडं ती साधारण 12:22 ले होते, फेब्रुवारीत साडेबाराच्या पुढं जाते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला पार 12 च्या जवळ येते. भारताची घड्याळं 82.5 अंश रेखांशावर लावली आहेत, यवतमाळ 78 च्या आसपास, एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे 18 मिनिटं इथंच निघाली. महिन्यामहिन्याला फरक काऊन पडते ते मात्र सातवीसाठी उघडंच ठेवा, पोट्टे दहावीपर्यंत विचारत राहतीन. ऑगस्टमधे ढगानं दगा दिला तर मास्तर जबाबदार नाही.

पऱ्हाटीवाला:
मी काही मास्तर नाही, पोरगी सातवीत हाय मनून वाचून राहिलो. पोट्ट्याइले वावरात न्या ना राजेहो. पऱ्हाटीले, मंजे कपाशीले, डोमकळी दिसते का पाहा, फुलाच्या पाकळ्या चिकटून गुलाबाच्या कळीवानी बंद असते. उघडली का आत बारीक अळी. माह्या पोरीनं मले इचारलं, "बाबा, गुलाबी बोंडअळी मनता अन् हे तं पांढरी हाय." आता सांगा! लहानपणी पांढुरकीच असते, मोठी झाल्यावर गुलाबी होते, पण मी तिले काही सांगतलं नाही, डबीत ठेव मनलं अन् रोज पाह्य. फक्त एक करा, फवारलेल्या वावरात लेकरं नेऊ नका, कास्तकाराले आधी इचारा कधी मारलं अन् काय मारलं. 2017 ले आपल्या जिल्ह्यात फवारणीनं किती माणसं गेली ते इसरू नका.

झेडपी_मास्तर_यवतमाळ:
भाऊ, डोमकळीचं भारी आहे, फवारणी न झालेलं वावर पाहतो. वर्धेच्या बाई, तीन मेणबत्त्या मावतीन असा काचेचा ग्लास आमच्याकडं नाही, प्लास्टिकचा चालंल का?

वर्धेची_बाई:
प्लास्टिक वितळीन सर. कोणाच्या घरची लोणच्याची काचेची बरणी मागा, रुंद तोंडाची. अन् मेणबत्त्या वाढदिवसाच्या केकवाल्या घ्या, पाकीट स्वस्तात येते.