मदत हवी आहे: अपडेटनंतर ब्राउझर बिघडला, आता सगळे बुकमार्कही दिसेनासे झालेत

पानफुटी

नमस्कार. दोन दिवस डोकं लावून थकले, म्हणून इथे विचारते आहे. कॉम्प्युटरवर रोज काम करते, पण त्याच्या पोटात काय चालतं ते मला फारसं कळत नाही. तेव्हा कृपया सोपं करून सांगा.

सोमवारी सकाळी ब्राउझर उघडला तेव्हा "अपडेट होत आहे" अशी छोटी खिडकी आली आणि गेली. नेहमीचंच, म्हणून लक्ष दिलं नाही. मग ब्राउझर उघडला तर वरचा भाग पार विस्कटलेला. बोटभर रुंदीची राखाडी पट्टी, तिच्यावर टॅबची नावं एकमेकांवर चढलेली आणि पत्ता लिहायची जागाच नाही. खालचं पान व्यवस्थित दिसत होतं, त्यातल्या लिंकही चालत होत्या. पण दुसरीकडे जायचं तर लिहायचं कुठे? मेनूच्या तीन रेघासुद्धा दिसत नव्हत्या.

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. तेच. मग कुठेतरी वाचलं की ब्राउझर काढून परत टाकला की सगळं ठीक होतं. तसं केलं. आणि खरंच, आता ब्राउझर छान दिसतोय, पण तो माझा राहिलेला नाही! बुकमार्क नाहीत, साठवलेले पासवर्ड नाहीत, सोमवारी उघडे असलेले टॅब नाहीत. पहिल्यांदाच वापरायला घेतल्यासारखं "स्वागत आहे" म्हणतोय.

मी भाषांतराचं काम करते. आठ वर्षांत विषयवार फोल्डर करून संज्ञांचे संदर्भ जमवलेत, कायद्याचे वेगळे, वैद्यकाचे वेगळे. ते सगळे त्या बुकमार्कांत होते. वेगळी प्रत ठेवलेली नाही, सिंकचं खातंही (बुकमार्क इंटरनेटवर साठवून ठेवणारं) कधी उघडलं नाही. शुक्रवारी काम द्यायचंय. माझ्या हातून ते कायमचं पुसलं गेलं का, एवढं तरी कुणी सांगेल का?

कोपऱ्यातला दिवा

पानफुटी, आधी जरा श्वास घ्या. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून तरी तुमचा डेटा जागेवर असण्याची शक्यता खूप मोठी आहे. फक्त आता पुढचं सांगेपर्यंत काहीही करू नका. पुन्हा काढू-घालू नका, "क्लीनर" नावाचं कुठलंही सॉफ्टवेअर चालवू नका आणि ब्राउझरने "रिफ्रेश करू का" विचारलं तर नाही म्हणा.

आणि हे सांगा:
कोणता ब्राउझर? विंडोज, मॅक की लिनक्स? ब्राउझर काढताना "वैयक्तिक माहितीही काढू का" असं काही विचारलं होतं का, आणि तुम्ही काय उत्तर दिलंत? जुना ब्राउझर ३२-बिटचा होता का, काही आठवतंय?

वाटसरू७

मला वाटतं नव्या आवृत्तीतच गडबड असणार. आधीची आवृत्ती शोधून टाका, सगळं पहिल्यासारखं होईल. मी एका दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत असंच केलं होतं.

पानफुटी

दिवा, तुमचं वाचून जरा धीर आला. ब्राउझर फायरफॉक्स, विंडोज १०. काढताना मी फक्त "नेक्स्ट" दाबत गेले, माहिती काढण्याबद्दल काही विचारल्याचं आठवत नाही. ३२-बिट म्हणजे काय ते माहीत नाही, पण डेस्कटॉपवरच्या जुन्या चिन्हाचा पत्ता बघितला होता. त्यात "प्रोग्रॅम फाइल्स"पुढे कंसात एक्स आणि ८६ असं होतं. आताच्या चिन्हात ते कंसातलं नाही.

वाटसरू, आधीची आवृत्ती टाकू का मग?

कोपऱ्यातला दिवा

आधीची आवृत्ती आत्ता टाकू नका. वाटसरूंनी मनापासून सांगितलंय, बऱ्याच सॉफ्टवेअरना तो उपाय लागूही पडतो. फायरफॉक्सचं मात्र वेगळं आहे. एकदा नव्या आवृत्तीने तुमच्या फाइली उघडल्या की त्यांची रचना बदललेली असू शकते, आणि जुनी आवृत्ती त्यांवर चालवली तर बुकमार्क नि इतिहास खराब होण्याचा धोका असतो. म्हणून जुनी आवृत्ती तशा फाइली उघडायला नकार देते आणि नवं कोरं प्रोफाइल बनवायला सांगते. म्हणजे तुम्ही फिरून इथेच याल.

तुमचं उत्तर त्या कंसातल्या ८६ मध्ये आहे. नीट सांगतो.

ब्राउझर हा प्रोग्रॅम एका जागी असतो आणि तुमचं सामान दुसऱ्या जागी. त्या सामानाच्या फोल्डरला प्रोफाइल म्हणतात. प्रोग्रॅम काढला तरी प्रोफाइल सहसा तसंच राहतं. मे २०१९ मध्ये आलेल्या ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःचं प्रोफाइल देतो, आणि इन्स्टॉलेशन ओळखतो ते कोणत्या फोल्डरमध्ये टाकलंय त्यावरून. कंसातलं एक्स ८६ ही ३२-बिटच्या, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रोग्रॅमांच्या फोल्डरची खूण. तुमचा जुना ब्राउझर ३२-बिटचा, तो त्या फोल्डरमध्ये होता. नवा टाकताना ६४-बिटचा आला, तो दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला. त्याला वाटलं आपण नवीन आहोत, त्याने नवं घर मांडलं. तुमचं जुनं घर कुलूप लावून शेजारीच उभं असणार.

आता बघूया. पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत "अबाउट", मग कोलनची दोन टिंबं, मग "प्रोफाइल्स" असं सलग लिहा, मध्ये जागा सोडू नका. एंटर दाबा. एक पान उघडेल, त्यात प्रोफाइलांची यादी असेल. किती आहेत आणि त्यांची नावं काय ते सांगा. तिथे "रिमूव्ह" नावाचं बटण आहे, त्याला हात लावू नका. ते खरंच फाइली पुसू शकतं.

पानफुटी

दोन आहेत!! एकाचं नाव "डिफॉल्ट-रिलीज", त्याखाली लिहिलंय की हे सध्या वापरात आहे. दुसऱ्याचं नुसतं "डिफॉल्ट". हात थरथरताहेत, पुढे सांगा.

कोपऱ्यातला दिवा

नुसतं "डिफॉल्ट" हेच तुमचं जुनं असणार. पण उघडण्याआधी त्याची प्रत काढायची. ही पायरी टाळू नका, बाकी सगळं त्यानंतर.

"डिफॉल्ट"च्या खाली "रूट डिरेक्टरी" अशी ओळ आहे, तिच्या शेजारी "ओपन फोल्डर" बटण. ते दाबा. फाइलींनी भरलेलं फोल्डर उघडेल. त्यात "प्लेसेस" नावाची, शेवटी "एसक्यूलाइट" असलेली फाइल शोधा. बुकमार्क आणि इतिहास दोन्ही तिच्यात असतात. तिचा आकार आणि तारीख बघा. कोऱ्या प्रोफाइलमध्येही ही फाइल साधारण ५ एमबीची असते, त्यामुळे ५ दिसले तर काळजीचं, जास्त दिसले तर आनंदाचं.

मग एक पायरी वर जा, म्हणजे "प्रोफाइल्स" फोल्डरमध्ये. ब्राउझर पूर्ण बंद करा. आठ विचित्र अक्षरं, मग टिंब, मग "डिफॉल्ट" असं नाव असलेलं अख्खं फोल्डर कॉपी करून डेस्कटॉपवर ठेवा. कट नाही, कॉपी.

पानफुटी

फाइल ४० एमबीची आहे! तारीख सोमवारची, सकाळची. कॉपी झाली, अकराशेच्या वर फाइली होत्या, वेळ लागला. खरं सांगते, ४० बघितल्यावर डोळ्यांत पाणी आलं.

कोपऱ्यातला दिवा

उत्तम. आता पुन्हा त्याच यादीच्या पानावर जा, जुन्या "डिफॉल्ट"खाली "सेट अ‍ॅज डिफॉल्ट प्रोफाइल" दाबा, ब्राउझर बंद करून उघडा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: वरची पट्टी बहुतेक पुन्हा विस्कटलेली दिसेल. घाबरू नका. नवं कोरं प्रोफाइल नीट चाललं हीच मोठी खूण आहे. याचा अर्थ फायरफॉक्स धड आहे, ग्राफिक्स ड्रायव्हरही (पडद्यावर चित्र उमटवायला मदत करणारं सॉफ्टवेअर) धड आहे. बिघाड तुमच्या जुन्या प्रोफाइलमधल्या कुठल्यातरी वस्तूत आहे.

पानफुटी

अगदी तसंच झालं. उघडल्यावर जुनी होमस्क्रीन आली, पण पट्टी पुन्हा राखाडी. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबून बुकमार्कांची खिडकी उघडते असं वाचलं होतं, ते दाबलं. सगळे फोल्डर जागेवर! "कायदा", "वैद्यक", "जुने शब्द", सगळे. आता पट्टीचं काय करायचं?

रात्रपाळी

मध्येच बोलतो. शिफ्टचं बटण दाबून धरा आणि फायरफॉक्सच्या चिन्हावर डबल क्लिक करा. ट्रबलशूट मोडमध्ये उघडायचं का असं विचारेल, "ओपन" म्हणा. तिथे "रिफ्रेश" हे दुसरं बटणही असतं, ते दाबू नका. या मोडमध्ये एक्स्टेंशन (ब्राउझरला वरून जोडलेल्या सोयी), थीम, हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन (चित्र काढायला ग्राफिक्स चिपची मदत) आणि प्रोफाइलमध्ये स्वतः घातलेल्या सीएसएस फाइली (दिसणं कसं असावं ते ठरवणाऱ्या) तेवढ्यापुरत्या बंद राहतात. पट्टी नीट दिसली तर यांपैकीच कुणीतरी गुन्हेगार.

पानफुटी

ट्रबलशूट मोडमध्ये एकदम नीट दिसतंय, पत्त्याची पट्टी, तीन रेघा, सगळं. मग मी एक्स्टेंशनच्या पानावर गेले. तिथे दोनच आहेत, एक शब्दकोशाचं आणि एक जाहिराती अडवणारं. दोन्ही बंद करून साध्या पद्धतीने उघडलं. पट्टी पुन्हा राखाडी. म्हणजे ती नव्हेत ना?

कोपऱ्यातला दिवा

ती नव्हेत. छान तपासलंत.

एक विचारतो. तुमच्या ब्राउझरमध्ये टॅब पत्त्याच्या पट्टीच्या खाली होते का? की नेहमीसारखे वर?

पानफुटी

खाली होते! चारेक वर्षांपूर्वी मला ते वर असलेले खपत नव्हते, तेव्हा धाकट्या भावाने काहीतरी करून खाली आणून दिले होते. तुम्हाला कसं कळलं?

कोपऱ्यातला दिवा

तुमच्या वर्णनावरून. टॅबची नावं एकमेकांवर चढणं आणि पत्त्याची जागा गायब होणं ही खूण ओळखीची आहे.

भावाने तुमच्या प्रोफाइलमध्ये "क्रोम" नावाचं फोल्डर बनवून त्यात "युजरक्रोम" नावाची सीएसएस फाइल ठेवली असणार. या नावाचा गूगलच्या क्रोम ब्राउझरशी काही संबंध नाही. ब्राउझरच्या खिडकीची जी चौकट असते, म्हणजे पट्ट्या, बटणं, मेनू, तिला फार पूर्वीपासून क्रोम म्हणतात. त्या फाइलीत चौकटीच्या भागांना नावाने हाक मारून "तू खाली जा, तू एवढा उंच हो" असे हुकूम लिहिलेले असतात. फायरफॉक्सच्या कुठल्याही अपडेटमध्ये आतली नावं आणि मांडणी बदलू शकते. मग जुने हुकूम चुकीच्या ठिकाणी लागू होतात आणि तुम्ही पाहिलंत तसं होतं. अशी फाइल वापरणाऱ्याने दर अपडेटनंतर तिची डागडुजी करायची असते, आणि तुम्हाला तर ती तिथे आहे हेच माहीत नव्हतं. सप्टेंबर २०१९ मधल्या ६९ व्या आवृत्तीपासून ही फाइल आपोआप वाचलीही जात नाही, त्यासाठी सेटिंगमध्ये एक स्विच चालू करावा लागतो. भावाने तोही केला असेल.

उपाय: ट्रबलशूट मोडमध्ये उघडा, पुन्हा प्रोफाइलच्या यादीच्या पानावरून "ओपन फोल्डर" करा, "क्रोम" फोल्डर दिसेल. ब्राउझर बंद करा. फोल्डर पुसू नका, फक्त नाव बदला, "क्रोम-जुनं" असं काहीही. मग नेहमीसारखं उघडा.

पानफुटी

झालं!!! फोल्डर होतं, त्यात एकच फाइल. नाव बदललं, उघडलं आणि सगळं लख्ख. टॅब वर आलेत, पण त्याची आता सवय करून घेईन. पासवर्डही आहेत. दोन्ही एक्स्टेंशन परत चालू केली, तरी नीट आहे.

दिवा, रात्रपाळी, वाटसरू, तुमचे किती आभार मानू. भावाला फोन करून सांगितलं, त्याला स्वतःलाही आठवत नव्हतं.

एक हावरट प्रश्न विचारू का? सोमवारी उघडे असलेले टॅब परत मिळतील? तीसेक होते, चालू कामाचेच. इतिहासाच्या मेनूत "मागचं सत्र" आहे, पण त्यात कालचा एकच टॅब येतो.

रात्रपाळी

हावरट काय त्यात, मिळू शकतील. ब्राउझर इतक्या वेळा उघडला-मिटला की साधं "मागचं सत्र" वाहून गेलं. पण नवी आवृत्ती पहिल्यांदा सुरू होते तेव्हा फायरफॉक्स त्या क्षणीच्या टॅबची वेगळी प्रत ठेवतो.

प्रोफाइलमध्ये "सेशनस्टोअर-बॅकअप्स" फोल्डर आहे. त्यात "अपग्रेड"ने सुरू होणाऱ्या आणि शेवटी लांबलचक आकडा असलेल्या फाइली दिसतील, जास्तीत जास्त तीन. सोमवारच्या तारखेची घ्या. ब्राउझर बंद असताना तिची प्रत प्रोफाइलच्या मुख्य फोल्डरमध्ये आणा आणि तिला "सेशनस्टोअर" हे नाव द्या. "अपग्रेड" फाइलीच्या नावात टिंबानंतर जे जेसनएलझेड४ आहे तेच इथे शेवटी ठेवा, पुढचा आकडा काढा. त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती डेस्कटॉपवर हलवून ठेवा. मग ब्राउझर उघडा आणि इतिहासाच्या मेनूतून मागचं सत्र परत आणा.

पानफुटी

चौतीस टॅब. मोजले. एका टॅबमध्ये तर अर्धवट वाचलेला निवाडा जिथे सोडला होता तिथेच उघडला.

आता प्रत ठेवायचं शिकते आहे. ब्राउझर बंद करून प्रोफाइल फोल्डर पेनड्राइव्हवर टाकलं. पासवर्डसाठी "लॉगिन्स" ही जेसन फाइल आहे असं वाचलं. तेवढी एक वेगळी ठेवली तर चालेल का?

कोपऱ्यातला दिवा

तेवढी एक पुरणार नाही. पासवर्ड त्या फाइलीत असतात, पण गुप्त लिपीत. ती उघडायची किल्ली "की४" नावाच्या, शेवटी "डीबी" असलेल्या फाइलीत असते. दोन्ही बरोबर हव्यात, नाहीतर पासवर्ड वाचता येत नाहीत. आणि उलटही खरं आहे: दोन्ही फाइली ज्याच्या हाती पडतील तो पासवर्ड वाचू शकतो. त्यामुळे तो पेनड्राइव्ह कुठेही देऊ नका, आणि सेटिंगमध्ये गोपनीयतेच्या भागात "प्रायमरी पासवर्ड" लावून घ्या. तो लावल्यावर जुनी प्रत पुसून नवी काढा, कारण आधीच्या प्रतीला तो लागू नसतो.

पानफुटी

लावला, नवी प्रत काढली, जुनी पुसली. डेस्कटॉपवरची पहिली प्रतही पुसू ना?

कोपऱ्यातला दिवा

शुक्रवारचं काम देऊन झालं की पुसा, तोवर राहू द्या.