मदत हवी आहे: उबुंटूवरून कोहा आणि मारियाडीबी मुळासकट काढायचं आहे, फॉरमॅट न करता

राम राम मंडळी,

चोपडा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात मी काम करते. पुस्तकांची सूची आम्ही कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर ठेवतो, त्याचा डेटाबेस मारियाडीबीमध्ये असतो. सुरुवातीला ते जुन्या मशीनांवर टाकून पाहिलं होतं, आता एका नव्या मशीनवर नीट बसलंय. मोकळी झालेली जुनी मशीनं अभ्यासिकेला द्यायची आहेत. पोलीस भरती आणि तलाठीची तयारी करणारी पोरं-पोरी संध्याकाळी येतात. बऱ्याच जणांच्या घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून ही मशीनं लवकर हातात यावीत अशी फार इच्छा आहे.

सिस्टीम उबुंटू २२.०४. रूट पार्टिशन (डिस्कचा सिस्टीम आणि सॉफ्टवेअरचा भाग) ३० जीबीचं, होम (वापरणाऱ्यांच्या फायलींचा भाग) वेगळं. रूट जवळजवळ भरलंय, त्यामुळे अपडेटसुद्धा होत नाही. (आज्ञा पोरांनाही वाचता याव्यात म्हणून देवनागरीत लिहितेय. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांतच टाकायच्या. सुडो म्हणजे आज्ञा प्रशासकाच्या हक्काने चालवणं.)

मशीन बघायला येणाऱ्या मुलाने हे चालवलं:

सुडो ॲप्ट रिमूव्ह मारियाडीबी-सर्व्हर

काढल्याचा संदेश आला. पण नंतर

सिस्टीमसीटीएल स्टेटस मारियाडीबी

विचारलं तर ॲक्टिव्ह, रनिंग! डेटाबेसच्या फायलींचं /व्हार/लिब/मायएसक्यूएल फोल्डरही जसंच्या तसं. कोहाला अजून हात लावलेला नाही. शिवाय स्नॅपमधून (सॉफ्टवेअर टाकायची ॲप्टखेरीज दुसरी सोय) एक मोठं प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर काढलं, तरी जागा फारशी मोकळी झाली नाही.

फॉरमॅट करा असं कृपया सांगू नका. होममध्ये पोरांच्या नोट्स आहेत, मराठी टायपिंगची सगळी जुळवाजुळव केलेली आहे, आणि आमच्याकडचं इंटरनेट असं आहे की सगळं परत उतरवायला आठवडा जाईल. शेवटी, आरसीची भानगडही कुणीतरी समजावा. डीपीकेजीच्या (बसवलेल्या सॉफ्टवेअरची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) यादीत काही नावांपुढे आयआय आहे, काहींपुढे आरसी.

---

प्रतिसाद: धुळेकर

ताई, काळजी करू नका, व्हई जाई सगळं. सर्व्हर अजून चालू आहे हे उलट बरंच झालं. कोहा नीट काढायचं तर डेटाबेस जिवंत लागतो.

आधी मारियाडीबीचं. २२.०४ मध्ये मारियाडीबी-सर्व्हर हे नुसतं नावाचं पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) आहे. त्याच्या पोटात काही नाही, ‘मला मारियाडीबी-सर्व्हर-१०.६ लागतं’ एवढंच ते सांगतं. खरा सर्व्हर त्या १०.६ मध्ये. वाण्याची यादी फाडली म्हणून घरात आलेला किराणा परत जात नाही, तसं झालंय. उबुंटूत अशी पॅकेजं पुष्कळ आहेत. म्हणून काढण्याआधी नेहमी बघा:

डीपीकेजी -एल | ग्रेप मारियाडीबी

आता आयआय आणि आरसी. पहिलं अक्षर तुम्हाला काय हवंय ते, दुसरं प्रत्यक्षात काय स्थिती आहे ते. आयआय म्हणजे बसवायचं होतं, बसलंय. आरसी म्हणजे काढायला सांगितलं, प्रोग्रॅम गेला, पण /ईटीसीमधल्या सेटिंगच्या फायली उरल्या. रिमूव्ह आणि पर्ज यांत फरक तो हाच. रिमूव्ह सेटिंग ठेवतं, कारण उद्या तेच सॉफ्टवेअर परत टाकलं तर ती वापरता यावी. पर्ज तीही पुसतं. पण पर्जसुद्धा होम फोल्डरला हात लावत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. तिथल्या .कॉन्फिग, .कॅश, .लोकल या लपलेल्या फोल्डरांतलं जे काही असेल ते आपण हाताने बघायचं. तुमच्या बाबतीत हे सोयीचंच आहे, पोरांच्या नोट्स सुरक्षित राहतील.

आता कोहा. इथे क्रम चुकवू नका. कोहा-कॉमन (कोहाचं मुख्य पॅकेज) आधी उडवलं तर त्याच्या मदतनीस आज्ञाही जातात, आणि मग डेटाबेस, सेटिंग सगळं हाताने शोधत बसावं लागतं. म्हणून आधी

सुडो कोहा-लिस्ट

ही त्या मशीनवरच्या ग्रंथालयांची नावं दाखवते. मग प्रत्येक नावासाठी

सुडो कोहा-डंप नाव

सूची नव्या मशीनवर गेली आहे असं तुम्ही म्हणता, तरी हे कराच. डेटाबेसची आणि सेटिंगची अशा दोन दाबलेल्या फायली /व्हार/स्पूल/कोहाखाली तयार होतात. त्या पेनड्राइव्हवर घ्या, उघडून बघा, आकार शून्य नाही ना ते बघा. गावच्या वाचनालयाची सूची म्हणजे कुणीतरी एकेक पुस्तक हातात घेऊन केलेलं काम असतं, ते परत होत नाही. मगच

सुडो कोहा-रिमूव्ह नाव

आणि त्यानंतर पॅकेजं, कोहाची पानं दाखवणारा वेब सर्व्हर अपाचे२ धरून. पण थेट नाही, आधी रंगीत तालीम:

ॲप्ट-गेट -एस पर्ज कोहा-कॉमन मारियाडीबी-सर्व्हर-१०.६ अपाचे२

-एसमुळे प्रत्यक्ष काहीच होत नाही, काय काय जाईल ते फक्त दिसतं. यादी पूर्ण वाचा. त्यात उबुंटू-डेस्कटॉप, पायथन३ किंवा जीनोमचं काही दिसलं तर थांबा आणि यादी इथे टाका. नसेल तर -एस काढून सुडोसह चालवा. मारियाडीबी मध्येच विचारेल की डेटाबेसही पुसू का. पेनड्राइव्हवरची प्रत तपासली असेल तरच हो म्हणा.

नावापुढे तारा लावून ‘मायएसक्यूएल*’ असं कुठे सुचवलेलं दिसलं तर तसं करू नका. मायएसक्यूएल-कॉमन नावाचं छोटं पॅकेज इतर सॉफ्टवेअरच्या लायब्ररीलाही लागतं. ते जागा खात नाही, राहू द्या.

---

प्रतिसाद: भुसावळकर

धुळेकर दादांनी सांगितलंय ते बरोबर आहे, पुढचं मी लिहितो.

कोहाबरोबर पर्लची (ज्या भाषेत कोहा लिहिलंय तिची) ढीगभर पॅकेजं येतात. ती पर्जने जात नाहीत, कारण तुम्ही त्यांचं नाव घेतलेलं नसतं. ती अशी जातात:

सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज

कुणालाच आता न लागणारी, आपोआप आलेली पॅकेजं हे उचलतं. जुने कर्नलही (उबुंटूच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या) यातच जातात, आणि ३० जीबीच्या रूटवर खरी जागा बऱ्याचदा त्यांनीच अडवलेली असते. पण ताई, इथे यादी वाचायचा कंटाळा करू नका. तुमचं मराठी टायपिंग आयबस-एम१७एन या टायपिंगच्या पॅकेजवर असेल तर आधी

सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल आयबस-एम१७एन

करून ठेवा, म्हणजे ऑटोरिमूव्ह त्याला शिवणार नाही. कुठल्या दिवशी कशाबरोबर काय आलं हे पाहायचं असेल तर /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग उघडा. तारखेनिशी सगळं लिहिलेलं असतं. फार जुन्या नोंदी शेजारच्या दाबलेल्या फायलींत मिळतील.

कोहाची रिपॉझिटरी (पॅकेजं जिथून उतरतात ते ठिकाण) वेगळी जोडलेली असते, म्हणून /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी मधली तिची फाइलही काढा. नाहीतर प्रत्येक अपडेटला तिकडे चकरा होत राहतील.

स्नॅपचं गणित वेगळं, त्याचा ॲप्टशी काही संबंध नाही. स्नॅप काढलं की त्याच्या डेटाची एक प्रत ते आपणहून बाजूला ठेवतं, साधारण ३१ दिवस. म्हणून जागा लगेच सुटत नाही. ‘स्नॅप सेव्हड’ने क्रमांक बघा आणि ‘सुडो स्नॅप फर्गेट क्रमांक’ करा. पुढच्या वेळी ‘सुडो स्नॅप रिमूव्ह --पर्ज नाव’ वापरलं की ही प्रत बनतच नाही. होममधलं स्नॅप नावाचं फोल्डर मात्र एकदा डोळ्याखालून घाला.

आणि एक कळकळीचं: हे काम लोडशेडिंगच्या वेळेत करू नका. पर्ज चालू असताना लाइट गेली तर पॅकेजं अर्धवट अडकतात. अडकलीच तर

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल

या दोन आज्ञांनी बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. तरी यूपीएस असलेल्या खोलीतच बसा.

---

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघा दादांचे मनापासून आभार. पहिलं मशीन झालं.

तालमीच्या यादीत डेस्कटॉपचं काही नव्हतं, म्हणून पुढे गेले. ऑटोरिमूव्हच्या यादीत खरंच जुने कर्नल होते. रूट आता निम्म्याच्या खाली आलं आणि अडकलेलं अपडेटही लागलं. आरसीवाली उरलेली नावं मी अशी शोधली

डीपीकेजी -एल | ग्रेप '^आरसी'

आणि एकेक वाचून ‘सुडो डीपीकेजी --पर्ज नाव’ केलं. एका दमात सगळी पुसायची आज्ञाही सापडली होती, पण नाव वाचून काढलेलं मला जास्त बरं वाटलं. मराठी टायपिंग शाबूत आहे, पोरांच्या नोट्सही.

एक शंका: अपाचे काढताना ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल रिकामं नाही म्हणून काढलं नाही’ असा इशारा आला. ते फोल्डर ठेवू की काढू?

---

प्रतिसाद: धुळेकर

ती चूक नाही ताई. ॲप्ट स्वतः ठेवलेल्या फायलीच उचलतं. कुणी मागाहून त्यात काही ठेवलं असेल तर ते तुमचं समजून सोडून देतं. आत काय आहे ते ‘एलएस -एलए’ने बघा. अपाचेचं नुसतं स्वागतपान असेल तर फोल्डर काढा, वाचनालयाचं जुनं सूचनापान वगैरे असेल तर आधी प्रत घ्या. आरएम -आरएफ लिहिताना पूर्ण पत्ता टाकून, एंटरआधी परत वाचून मगच दाबा. तिथे परत विचारणारं कुणी नाही.

---

धागाकर्तीचा प्रतिसाद

आत सुट्ट्यांचं जुनं वेळापत्रक होतं, प्रत घेऊन फोल्डर काढलं. बाकीची मशीनं रविवारी घेतेय, त्या दिवशी आमच्याकडे दुपारपर्यंत लाइट असते. त्यातल्या एकावर कोहा दुसऱ्याच नावाने बसवलेलं आहे म्हणे, तेव्हा तिथे आधी कोहा-लिस्ट.