प्रकृतीच्या चर्चेबद्दल
एका उमेदवाराच्या थरथरत्या हाताचा व्हिडिओ फिरतोय. ‘उमेदवार खुर्चीत बसून बोलला, म्हणजे आजार लपवतोय, त्याने वैद्यकीय अहवाल द्यावा’ असं काही जण म्हणताहेत. त्यातलं आजार लपवण्याचं म्हणणं पटलं नाही. मे महिन्यात भर दुपारी जळगावात पायी प्रचार करून बघा. माझे काका यावल तालुक्यात ग्रामपंचायतीला उभे होते. चक्कर आली म्हणून कुणाच्या तरी ओट्यावर बसले, बायांनी कांदा हुंगवला, गूळ-पाणी दिलं. संध्याकाळपर्यंत गावभर ‘अटॅक आला’! येणाऱ्या-जाणाऱ्याला उत्तरं देताना काकू रडायची, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

अहवाल मागण्याचा मुद्दा मात्र रास्त आहे. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला अर्जासोबत जे शपथपत्र (फॉर्म २६) द्यावं लागतं, त्यात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं लिहावं लागतं, प्रकृतीचा रकानाच नाही. मागायचं तर सगळ्याच उमेदवारांकडे मागा, एकट्याच्या थरथरत्या हाताचा व्हिडिओ फिरवू नका.