ॲडमिटचे पैसे दिले, बाकीची बिलं परत. मेडिक्लेममध्ये मानसिक आजाराचं नक्की काय काय बसतं?

गोंधळलेली_ताई:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. माझ्या धाकट्या भावाला, वय 26, बायपोलर निघालं. झोपच उडाली होती त्याची, रात्र रात्र घरात फेऱ्या मारायचा, शेवटी डॉक्टर म्हणाले ॲडमिट करा. 9 दिवस होता. त्याचं बिल मेडिक्लेमने दिलं, हातमोजे-बितमोजे कापून, ते ठीके. पण नंतर दर पंधरा दिवसांनी सायकियाट्रिस्ट, गोळ्या, दर आठवड्याला काउन्सेलिंग, ही सगळी बिलं एका पाकिटात घालून पाठवली तर एका ओळीत उत्तर, "ओपीडी कव्हर नाही". अहो पण कायदा झालाय ना, शारीरिक मानसिक सारखंच धरायचं म्हणून? मग हा भेदभाव नाही का?
दुसरं म्हणजे मी स्वतःची वेगळी पॉलिसी घेतेय. दोन वर्षांपूर्वी चार महिने मी अँग्झायटीच्या गोळ्या घेतलेल्या, आता बंद आहेत. एजंट म्हणतो मॅडम ते लिहू नका, उगाच फाईल अडकते. काय करू?

पॉलिसी_वाचणारा:
ताई कायदा आहेच, मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, लागू झाला 29 मे 2018 ला. कलम 21 मध्येच आहे की विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं. पण गंमत अशी की तो "सारखंच" शब्दच इथे तुमच्या आड येतो. डायबेटिसवाला दर महिन्याला डॉक्टरकडे जातो, त्याची फी तरी कुठे देतात? साधी मेडिक्लेम म्हणजे 24 तास ॲडमिट झाल्यावरचा खर्च, ओपीडी हवी तर ती ज्यात आहे अशी पॉलिसी नाहीतर वरून रायडर (जादा पैसे भरून जोडायचं कव्हर) घ्यावा लागतो. ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरला विचारा, काही ठिकाणी काउन्सेलिंग असतं त्यात आणि कोणाला पत्ताच नसतो.
भेदभाव कधी, तर मानसिक आजार मुळातच वगळलेत असं लिहिलं तर. कायदा आल्यावरही कंपन्या तेच करत होत्या. 2021 मध्ये दिल्ली हायकोर्टात स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डर या मानसिक आजाराचा असाच नाकारलेला क्लेम गेला होता, कोर्टाने कंपनीला पैसे द्यायला लावले. मग आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सगळ्या कंपन्यांना मानसिक आजाराचं कव्हर द्यायला 31 ऑक्टोबर 2022 ची मुदत दिली. म्हणजे कायद्यानंतर चार वर्षांनी! असो.

बिलांची_फाईल:
थांबा थांबा, ते पाकीट फेकू नका!! ओपीडी म्हणून नाही मिळणार पण पोस्ट-हॉस्पिटलायझेशन म्हणून मिळू शकतं. ॲडमिटचा क्लेम पास झालाय ना, मग डिस्चार्जनंतर ठरावीक दिवस त्याच आजाराच्या व्हिजिट आणि गोळ्या त्यातच धरतात. आमच्या पॉलिसीत 60 दिवस होते, काहींत 90 असतात, तुमच्यात बघा. ॲडमिट व्हायच्या आधीच्या काही दिवसांचं पण असतं. बिलं पाठवायची मुदत असते तीही बघा, आणि कव्हरिंग लेटरवर जुना क्लेम नंबर टाकून स्पष्ट लिहा की ही पोस्ट-हॉस्पिटलायझेशनची बिलं आहेत, नुसतं पाकीट पाठवलं की ते ओपीडीच समजतात. काउन्सेलिंगचं आमचं पहिल्यांदा परत आलं कारण पावतीवर फक्त "सेशन" आणि रक्कम. मग सायकियाट्रिस्टने चिठ्ठीवर आजाराचं नाव आणि थेरपीचा सल्ला लिहून दिला, ती जोडली तेव्हा दिले.

एजंटचं_ऐकलेला:
ताई लिहा. हात जोडून सांगतो लिहा. माझ्या फॉर्मवर एजंटने "यापूर्वी मानसिक आजारावर उपचार" समोर नाही टिक केलं आणि सही माझी. दीड वर्षाने ॲडमिट झालो, रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरने विचारलं कधीपासून त्रास आहे, बायकोने खरं ते सांगितलं, त्याने केस पेपरवर लिहिलं "3 वर्षांपासून गोळ्या चालू". टीपीएच्या (कंपनीसाठी क्लेम तपासणारी एजन्सी) पत्रात तीच ओळ उतरवलेली. क्लेम तर गेलाच, पॉलिसी पण रद्द केली, आणि एजंट फोन उचलेना. खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं, थोडा प्रीमियम वाढला असता नाहीतर वेटिंग लागलं असतं (तेवढा काळ जुन्या आजाराचा क्लेम मिळत नाही), ते 2024 पासून जास्तीत जास्त 36 महिने आहे, आधी 48 होतं. कोणी म्हणेल 60 महिने भरले की कंपनी जुनं उकरू शकत नाही, खरंय, पण फ्रॉड त्यातून वगळलाय आणि मुद्दाम लपवलं की फ्रॉडच म्हणणार ते.
हां, एखादी कंपनी नाही पण म्हणेल तुम्हाला, तर दुसरी बघायची. पॉलिसी आली की सोबत फॉर्मची कॉपी असते ती वाचा, 30 दिवसांत परत करता येते.

रात्रपाळी:
बायपोलरसोबत दारू वगैरे असेल तर जपून, व्यसनाचे उपचार बहुतेक पॉलिसीत वेगळे वगळलेले असतात. नुसतं तपासणीसाठी किंवा आरामासाठी ॲडमिट केलं असं दिसलं तरी नाकारतात, म्हणून रोज काय उपचार झाले ते डिस्चार्ज कार्डवर यायला हवं. परत नाकारलं तर कारण लेखी मागा, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे टाका, 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, फक्त वर्षाच्या आत जा.

गोंधळलेली_ताई:
आत्ताच कपाटातून पॉलिसी काढली. 60 दिवस आहेत आमच्यात! डॉक्टरच्या चार व्हिजिट आणि त्या सोबतच्या गोळ्या बसतायत, मुदतही अजून आहे. आणि काउन्सेलिंगच्या पावत्यांवर खरंच नुसतं "सेशन" लिहिलंय हो 🤦 शनिवारी दादाला घेऊन जातेय (धाकटा असला तरी दादाच म्हणतो आम्ही) तेव्हा डॉक्टरांकडून लिहून घेते. माझ्या फॉर्मवर चार महिन्यांच्या गोळ्या, नाव तारखेसकट लिहून एजंटला पाठवलं, त्याने उत्तरात नुसता अंगठा पाठवलाय.