वडिलांच्या जिभेला कॅन्सर, मानेत गाठ दिसत नाही तरी मान उघडायची म्हणतात. काय करावं?

निलंग्याचा_शेतकरी:
नमस्कार मंडळी. वडील ५८ वर्षांचे, शेतीच करतात, तंबाखू-चुना तीसेक वर्षांपासून. जिभेच्या डाव्या कडेला फोड आला होता, आम्ही समजलो दाढ लागायलीय, दाढ घासून बी आणली पण दोन महिने झाले तरी बरा होईना, मग लातूरला दाखवलं अन् बायोप्सीत कॅन्सर निघाला. स्क्वॅमस सेल लिहिलंय. एमआरआयमधे जिभेवरची गाठ २.२ सेंमी, खोली ७ मिमी, अन् मानेत संशयास्पद गाठ नाही असं चक्क लिहून दिलंय. तरी सर्जन म्हणायलेत की जिभेचा तेवढा भाग काढायचा अन् त्याच ऑपरेशनमधे डावी मान उघडून तिथल्या गाठी (लिम्फ नोड म्हणतात, त्या सगळ्यांनाच असतात) बी काढायच्या.

घरात यावरून लई वाद चाललाय. चुलते म्हणतात जिथं काही नाही तिथं कशाला कापायचं, कॅन्सरला लोखंड लागलं की तो पसरतोच. अन् दुसरं म्हणजे माझ्या मावशीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी पुण्यात झालं, तिच्या काखेतल्या दोन-तीन गाठी तपासल्या तर एकीत कॅन्सर निघाला, तरी डॉक्टरांनी बाकीची काख तशीच ठेवली, शेक (रेडिएशन) दिला, गोळ्या चालू केल्या, आज ती ठणठणीत हाय. मग मला हे कळंना की तिच्या गाठीत कॅन्सर निघून बी काख नाही उघडली अन् माझ्या बापाची साफ मान उघडायची, हे कसं? गाठी काढल्यानं माणूस खरंच जास्त जगतो का? मान उघडली की हात वर होत नाही म्हणतात, आमचं सगळं काम खांद्यावरचं, फवारणीचा पंप काय सोयाबीनची पोती काय. पुढच्या बुधवारपर्यंत हो का नाही सांगायचंय. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा.

बीडची_लेक:
दादा, मी डॉक्टर नाही पण आमच्या घरात हेच झालं म्हणून लिहिते. माझ्या थोरल्या भावाला गालाच्या आतून झाला होता, लहानच होता, मानेत काही नव्हतं. डॉक्टरांनी दोन्ही रस्ते सांगितले, आत्ताच मान साफ करू किंवा नुसतं तोंडाचं करू आणि दर महिन्याला मान तपासायला या. आम्ही दुसरा धरला. खर्च कमी, कापाकापी कमी, आणि भाऊ स्वतःच म्हणाला की मानेत काय नाही तर राहू द्या. पहिले तीन महिने तपासणीला गेला. मग दिवाळीनंतर टोळी निघाली, उचल घेतलेली होती, कारखान्यावर जावंच लागलं. तिथून कोण येतंय तपासायला. फेब्रुवारीत वहिनीला मानेला लिंबाएवढी गाठ दिसली, दुखत नव्हती म्हणून त्यानं कोणाला सांगितलीच नव्हती. मग ऑपरेशन झालं ते केवढं मोठं, खांद्याची नस सुद्धा काढावी लागली कारण गाठ तिला चिकटली होती, त्यावर शेक आणि किमो दोन्ही, आणि तरी चौदा महिन्यांनी गेला. लेकरं लहान आहेत त्याची. तुमच्या वडिलांचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण वाट बघायची ठरवली तर दर महिन्याला खरंच कोण घेऊन जाणार हे आधी घरात बसून ठरवा. पेरणीत, काढणीत, लग्नसराईत सुद्धा.

परभणीचा_सर्जन:
बीडच्या ताईंनी जे सांगितलंय ते अनुभवाचं झालं, मी त्यामागचे आकडे सांगतो. मी मूळचा परभणीचा, डोकं-मानेच्या कॅन्सरचीच ऑपरेशनं करतो. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं आजवरचं सगळ्यात ठोस उत्तर आपल्याच राज्यातून आलंय, मुंबईच्या टाटा मेमोरियलमधून. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या टीमने तुमच्या वडिलांसारखेच पेशंट घेतले, तोंडाचा लहान कॅन्सर, मानेत काही लागत नाही, आणि चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले. एका गटाची मान पहिल्याच ऑपरेशनमधे साफ केली, दुसऱ्या गटाची फक्त गाठ आली तर. ५०० पेशंटचा हिशोब २०१५ मधे छापून आला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. आजार न उलटता राहिलेले पहिल्यात ६९.५ टक्के आणि दुसऱ्यात ४५.९. म्हणजे साधारण आठ जणांची मान आधीच साफ केली तर एकाचा जीव वाचतो. कॅन्सरच्या ऑपरेशनमधे एवढा फरक आम्हाला क्वचितच बघायला मिळतो. त्याआधी जगभरात यावर वर्षानुवर्षं वाद होता, दोन्ही बाजूंनी मोठमोठे सर्जन होते, आणि त्या अभ्यासानंतर बहुतेक ठिकाणची पद्धत बदलली.

आता साफ मान का उघडायची. तुमच्याकडे ठिबक असेल तर फिल्टर माहितीच आहे, पाण्यातली घाण तिथे अडकते. मानेतल्या गाठी तसंच काम करतात, जिभेतून सुटलेल्या पेशी आधी तिथे अडकतात. दोन-तीन मिलिमीटरचा पुंजका असेल तर एमआरआय काय, पेट स्कॅनला सुद्धा दिसत नाही. अशा 'साफ' मानांपैकी शंभरात वीस ते तीस जणांच्या मानेत पॅथॉलॉजिस्टला सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सर सापडतो. आणि हे वरून ओळखता येत नाही, माझ्या बोटांना नाही आणि मशीनलाही नाही. जिभेत कॅन्सर किती खोल गेलाय त्यावर थोडा अंदाज बांधता येतो, ३ मिमीच्या आत असेल तर थांबण्याचा विचार होऊ शकतो, ४ च्या पुढे गेला की आम्ही मान साफ करा असंच सांगतो. तुमच्या वडिलांचा ७ आहे. मी तुमच्या सर्जनच्या जागी असतो तर हेच सांगितलं असतं.

नंतर गाठ आल्यावर काढू या म्हणण्यात अडचण ही की ती आलेली कळते तेव्हा ती बऱ्याचदा मोठी झालेली असते, गाठीचं कवच फोडून बाहेर आलेली असते. टाटाच्या अभ्यासात पेशंट ठरलेल्या तारखांना तपासणीला बोलावले जात होते, तरीही वाट बघितलेल्या गटातल्या माना पुढच्या स्टेजलाच सापडल्या.

उरलेल्या सत्तर-ऐंशी जणांच्या मानेत काहीच निघत नाही हेही खरं आहे, त्यांना ऑपरेशनचा त्रास फुकटच झाला असं वाटू शकतं. म्हणून काही सेंटरमधे तोंडाच्या कॅन्सरला सुद्धा सेंटिनल नोड, म्हणजे औषध टोचून पहिली एक-दोन गाठ शोधायची आणि तेवढीच तपासायची, ही पद्धत करतात, फ्रान्स आणि जपानमधल्या अभ्यासांत तिचे निकाल चांगले आले. पण त्यासाठी न्यूक्लियर मेडिसिन आणि सरावलेली टीम लागते, आपल्याकडे ते सगळीकडे नाही.

मावशींचं दुसऱ्या उत्तरात लिहितो, ओपीडी सुरू झाली.

जालन्याची_आजी:
मावशीचं मी सांगते लेकरा, माझं स्तनाचंच झालंय, २००९ ला. तेव्हा माझी अख्खी काख साफ केली. जगले, नातवंडं बघितली, पण उजवा हात तेव्हापासून सुजलेलाच, बांगडी चढत नाही, कापूस वेचायला वाकले की संध्याकाळी हात दगडासारखा जड. त्या हाताला सुई टोचू देत नाही, बीपी लावू देत नाही, काटा रुतला तरी ताप येतो. आता बायांना तपासून मगच ठरवतात, उगीच सगळी काख काढत नाहीत, हे ऐकून मला लई बरं वाटतं.

परभणीचा_सर्जन:
आजींनी मुद्द्यावरच बोट ठेवलं. स्तनाच्या कॅन्सरमधे अमेरिकेत एक अभ्यास झाला, झेड-झिरो-झिरो-इलेव्हन नावाचा. ज्या बायांच्या तपासलेल्या गाठींपैकी एक किंवा दोनच गाठींत कॅन्सर होता, आणि स्तन पूर्ण न काढता फक्त त्यातली कॅन्सरची गाठ काढून शेक दिला होता, त्यांचे दोन गट केले, एकाची काख पूर्ण साफ केली, दुसऱ्याची नाही. दहा वर्षांनी काख न उघडलेल्यांत ८६.३ टक्के जिवंत, उघडलेल्यांत ८३.६, म्हणजे काख साफ करून आयुष्य वाढलं नाही, हाताची सूज तेवढी पदरात पडली. तिथे काखेत थोडं उरलं तरी शेक, किमो, हार्मोनच्या गोळ्या ते आवरतात. तोंडाच्या कॅन्सरला तशी रोज एक घ्यायची गोळी नाही, आणि तो उलटतो तो बहुतेक वेळा आधी तोंडात नाहीतर मानेतच उलटतो, माणूस जातो तो बऱ्याचदा त्यानेच. म्हणून एकीकडे गाठी ठेवणं शहाणपणाचं आणि दुसरीकडे काढणं. फक्त मावशींचा नियम सगळ्या बायांना लावू नका, स्तन पूर्ण काढलेल्या किंवा काखेत हाताला लागणाऱ्या गाठी असलेल्या बायांचा त्या अभ्यासात समावेश नव्हता.

आणि लोखंडाचं. हे मी रोज ऐकतो आणि दर वेळेला वाईट वाटतं, कारण या एका वाक्यापायी लोक सहा-सहा महिने झाडपाला करत बसतात आणि मग येतात तेव्हा जबडा उघडत नाही. पूर्वी लोक यायचेच इतक्या उशिरा की ऑपरेशननंतरही आजार वाढायचा, आणि नाव चाकूचं झालं. चुलत्यांना घेऊन या सर्जनकडे, त्यांच्यासमोर विचारा.

निलंग्याचा_शेतकरी:
डॉक्टर साहेब, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. खांद्याचं कोणी सांगंल का?

नांदेड_फिजिओ:
मी सांगते. मानेतून एक नस खाली खांद्याच्या मोठ्या स्नायूला जाते, स्पायनल ॲक्सेसरी म्हणतात, हात वर उचलायला ती लागते. जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनमधे ती काढूनच टाकायचे, त्यावरून हे हात वर न होण्याचं पसरलंय. आता मानेत काही दिसत नसेल तर फक्त हनुवटीखालच्या, जबड्याखालच्या आणि मानेच्या वरच्या-मधल्या भागातल्या गाठी काढतात, नस वाचवतात. पण वाचवली तरी ती बाजूला करताना ताणली जाते, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने खांदा खाली उतरल्यासारखा, दुखणारा असू शकतो. बहुतेकांचा हळूहळू भरून येतो, अट एकच, व्यायाम सोडायचा नाही. जखमेतलं पाणी काढणारी ड्रेनची नळी निघाली आणि सर्जननी हो म्हटलं की लगेच सुरू करा. भिंतीसमोर उभं राहून बोटं चालवत हात वर न्यायचा आणि भिंतीवर पेन्सिलने खूण करायची, दुसऱ्या दिवशी खुणेच्या वर. माझे पेशंट घरी आरामच करतात, आराम केला की सांधा आखडतो आणि मग तो सोडवायला सहा महिने जातात. पंप आणि पोती तीन-चार महिने तरी नकोच, नंतर सुद्धा आधी उजव्या खांद्यावर. ऑपरेशनच्या आधी सर्जनला एवढंच विचारा की खांद्याची नस वाचवणार ना.

धाराशिवचा_भाऊ:
पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, रेशनकार्ड अन् आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, ॲडमिट झाल्यावर नाही. दुसरं मत घ्यायचं असंल तर संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय हाय, आमच्याकडले लोक बार्शीला नर्गिस दत्तला बी जातात, मुंबईपर्यंत जायची गरज प्रत्येकाला नसते. अन् गेलातच तर कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर अन् थर्ड एसीत तिकीट माफ असतं, सोबत्याला बी सवलत, त्याचा फॉर्म दवाखान्यातून सही-शिक्का करून मिळतो. आम्हाला तीन फेऱ्या झाल्यावर कळलं हे.

निलंग्याचा_शेतकरी:
चार आठवड्यांनी लिहायलोय. चुलत्यांना घेऊन गेलो होतो, त्यांनीच शेवटी सही केली. ऑपरेशन झालं, नऊ दिवस नाकातून नळीनं पातळ दिलं, आता खिचडी अन् दूध-भाकर कुस्करून खातात, बोलणं थोडं बोबडं हाय पण कळतं. खांदा दुखतो, भिंतीवर खुणा चालू हायत, नातू पेन्सिल धरून उभा राहतो.

काल रिपोर्ट आला. जिभेच्या कापलेल्या कडा मोकळ्या, म्हणजे तिथं कॅन्सर उरला नाही. मानेतून २७ गाठी काढल्या त्यातल्या एकीत कॅन्सर निघाला, ४ मिमी, गाठीच्या बाहेर फुटलेला नाही असं लिहिलंय. एमआरआयवाल्यानं तर साफ म्हणून दिलं होतं. हे वाचून मी दवाखान्याच्या पायरीवरच बसलो. बीडच्या ताई, तुमच्या भावाची लई आठवण आली, मी त्यांना कधी बघितलं नाही तरी. आता पुढं काय असतं?

परभणीचा_सर्जन:
२७ गाठी म्हणजे काम नीट झालंय, किमान १८ तरी मिळाव्यात अशी आमची अपेक्षा असते. एकच गाठ आणि कवच शाबूत, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी आहे. टीम बहुधा शेक द्यायचा का यावर चर्चा करेल, द्यायचा ठरला तर ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आसपास सुरू व्हायला हवा, साधारण ३० दिवसांचा कोर्स, आठवड्यातून पाच दिवस. किमो सोबत लागते ती मुख्यतः कवच फुटलेलं असेल किंवा कडेला कॅन्सर उरला असेल तेव्हा, इथे दोन्ही नाही. पण एक काम उद्याच करा, दातांच्या डॉक्टरांना दाखवा. किडलेले दात शेकाच्या आधी काढावे लागतात आणि जखम भरायला दोन आठवडे जातात, शेकानंतर काढले तर जबड्याचं हाड खराब होऊ शकतं. चार आठवडे होऊन गेलेत, त्यामुळे उशीर नको. तंबाखू?

निलंग्याचा_शेतकरी:
ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून बंद. चुन्याची डबी आईनं गोठ्याच्या मागं पुरून टाकली. चुलते बी सोडतो म्हणायलेत, बघू. दातांसाठी उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं निघतो, लातूरला दहाच्या आत पोचतो. शेकाचं ठरलं की लिहितो.

बीडची_लेक:
लिहा दादा. मी बघत राहीन.